पहिल्या बाजूचं पाचवं गाणं

आमच्या घरात त्या बँडचा विषय निघाला की बायको उठून कुकर लावायला जाते. लग्नाला तीस वर्षं होत आली, तिचं मत बदललेलं नाही. "पत्र्यावर नारळ पडतायत," असं ती पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती आणि आजही तेवढंच म्हणते. आमच्या वाडीत पंपाच्या खोलीवर पत्रा आहे आणि शेजारी माड, त्यामुळे तो आवाज कसा असतो ते तिला पक्कं माहीत आहे. मी वाद घालणं सोडून दिलंय.

बँडचं नाव इथे सांगणार नाही. ज्यांना माहीत असतं ते लगेच "ते अजून आहेत?" विचारतात आणि माझं डोकं फिरतं. ज्यांना माहीत नसतं ते दोनदा विचारतात आणि तिसऱ्यांदा "बरं बरं" म्हणून सोडून देतात. परदेशातले पाच जण, लांब केस, गिटारी, मागे ढोलांचा ढीग, आणि गाणारा असा की त्याच्या घशात कोणी मिरची कोंबलीय. एवढं पुरे. मधली आठ-दहा वर्षं त्यांनी जे काढलं ते ऐकवत नाही, हे मी त्यांचा माणूस म्हणून सांगतोय, आणि मी ते सगळं ऐकलंय. एक सोडून गेला, एक वारला, त्याच्या जागी दुसरा आला, सोडून गेलेला परत आला. पण दुकान कधी बंद पडलं नाही. पाळी लागली की कामावर हजर, अशी ती माणसं. मला त्यांचं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे.

मी एकविसाव्या वर्षी तारापूरच्या कारखान्यांत कामाला लागलो. कापडाचा कारखाना, लूमची म्हणजे यंत्रमागांची शेड. बाबा म्हणाले, वाडी आहे, चिकू आहेत, सुपारी आहे, कशाला जातोस दुसऱ्याच्या दारात. पण मला पगार हवा होता आणि बाबांचा चेहरा दिवसभर बघायचा नव्हता. माझ्या शेजारच्या लूमवर कुंभवलीचा एक जण होता. माझ्याच वयाचा, किडकिडीत, फारसं न बोलणारा. बोलून उपयोगही नव्हता. सगळ्या लूम एकदम चालू असल्या की शेडमध्ये माणसाला स्वतःचा खोकला ऐकू यायचा नाही. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलायचे. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटं जुळवून झटक्यात सोडली की धागा तुटला. कॉलर नीट केली की साहेब येतोय. महिन्याभरात मी इतका तयार झालो की घरी येऊन आईलाही चहासाठी अंगठा दाखवला. तिने मला लाटणं दाखवलं.

हा कुंभवलीचा दोस्त सुट्टीच्या दिवशी लग्नांत बेंजो वाजवायचा. गावातल्या पोरांची पार्टी होती त्याची: दोन ढोल, एक ताशा आणि पुढे हा, मांडीवर बेंजो घेऊन. एकदा तो पालघरला स्टेशनजवळच्या दुकानातून लग्नाची गाणी भरून आणायला गेला आणि दुकानदाराने घाईत भलत्याच कोणाची तरी कॅसेट त्याच्या हातात दिली. घरी येऊन लावली तर त्यात हे निघाले. दुसरा कोणी असता तर तसाच परत गेला असता. हा गेला नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ह्यांचा बेंजो जाम मोठा हाय रे."

त्या रविवारी मी त्याच्या ओटीवर बसून ती कॅसेट ऐकली आणि माझं जे व्हायचं ते झालं. शब्द एक कळत नव्हता. पण इतके दिवस मी ज्या आवाजात आठ तास उभा राहून डोकं दुखवून घेत होतो, त्याच आवाजाला कोणीतरी कामाला लावलंय असं वाटलं. त्याच्या तालावर चालता येत होतं. घरी जाताना मी उगाच भरभर सायकल मारत गेलो.

दोन्ही बाजूंना पाच-पाच गाणी होती. पहिल्या बाजूचं पाचवं गाणं सगळ्यात भारी, आणि नेमकं तेच अर्धवट. गिटार चढत जायची, चढत जायची, गाणारा श्वास घ्यायचा, आणि खट्. बटण वर. कॅसेट संपली. मग काढायची, पलटायची, दुसरी बाजू लावायची. पुढे काय होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. सुरुवातीला चुटपुट लागली, दुकानदाराला शिव्याही घातल्या. नंतर लागेनाशी झाली. गाणं तिथेच संपतं असं ठरून गेलं.

मग आम्ही ती कॅसेट शेडमध्ये नेली. म्हणजे कॅसेट घरीच, आम्ही नेली हातातून. तळवा वर म्हणजे पहिली बाजू, तळवा खाली म्हणजे दुसरी, आणि जितकी बोटं तितक्या नंबरचं गाणं. तो सकाळी आल्या आल्या तळवा वर करून एक बोट दाखवायचा आणि आमच्या दोन लूमच्या मधल्या लोखंडी पट्टीवर बोटं वाजवायला लागायचा. मी पट्टीवर हात ठेवला की मला कळायचं तो गाण्यात कुठवर आलाय. पाचव्या गाण्याला, त्या श्वासापाशी, त्याची बोटं थांबायची आणि तो हवेत हात पलटायचा. मग दुसरी बाजू मी वाजवायची. असा आम्ही तो बँड रोज ऐकायचो, कानाने काहीही न ऐकता. सुपरवायझरला वाटायचं आम्ही पट्टीचे बोल्ट तपासतोय. एकदा त्याने आमचं कौतुकही केलं.

या कॅसेटचा घोटाळा मला कळला तो फार उशिरा, माझी मुलगी कॉलेजला गेल्यावर. तिने एकदा मोबाइलवर ते गाणं लावलं आणि मी ताडकन म्हणालो, "बंद कर, हे कोणीतरी दुसरं गातंय." गाणं जड होतं, खाली उतरलेलं, दमल्यासारखं चाललेलं. ती म्हणाली, "बाबा, हेच खरं आहे." मी चिडलो. नकली माल विकतात, तू फसलीस, वगैरे बोललो. तिने शांतपणे शोधून काढलं की बिघाड आमच्याकडे होता. त्या दुकानदाराच्या भरायच्या मशीनची मोटर मंद होती. मंद मशीनवर भरलेली कॅसेट धड मशीनवर लावली की गाणं पळतं आणि आवाज वर चढतो. तीसेक वर्षं आम्ही त्यांना पळवत होतो.

यात माझं एकट्याचं काही बिघडलं नव्हतं. पण माझ्या दोस्ताने बेंजो त्या कॅसेटला जुळवला होता. पहिल्या दिवसापासून. पार्टीत पुढे कीबोर्ड आला तेव्हा तो बेंजोशी जुळेना, तर हा पठ्ठ्या कीबोर्ड उचलून पालघरच्या दुकानात परत घेऊन गेला, बेसूर आहे म्हणून. तिथल्या वाद्यवाल्याने त्याला सूर चढवायची मागची कळ फिरवून दिली आणि कीबोर्डही आमच्या कॅसेटच्या सुरात आला. कुंभवलीपासून वाणगावपर्यंत कितीतरी जोडप्यांची लग्नं त्या वर चढलेल्या सुरात लागली, आणि अजून तरी कोणाचं काही वाकडं झाल्याचं ऐकिवात नाही. मी त्याला सगळा खुलासा केला तेव्हा तो म्हणाला, "मंग त्यांचं चुकलं."

हे त्याला मी मोठ्याने, दोनदा सांगितलं होतं. तोवर त्याचे कान जायला लागले होते.

इथे मला एक गोष्ट सरळ सांगायची आहे. सहा वर्षं शेडमध्ये काढल्यावर फोल्डिंग खात्यात जागा निघाली. तिकडे शांतता, कापडाच्या घड्या, खिडकी. दोघांनी अर्ज करायचा ठरवलं होतं. जागा एकच आहे कळल्यावर तो म्हणाला, तू जा, तुझं लग्न ठरलंय. मी गेलो. तो त्या शेडमध्ये सव्वीस वर्षं राहिला. कानात घालायला बोळे द्यायचे, पण ते कोणीच घालायचं नाही, आम्हीही घातले नाहीत. त्यात सुट्टीच्या दिवशी बेंजो, आणि पाठीमागे कर्णे. बोईसरच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं की शीरच गेली आहे. कानाचं मशीन दिलं, त्यात त्याला नुसती खरखर यायची. त्याने ते स्टीलच्या डब्यात ठेवून दिलं आणि बेंजोवर चादर टाकली. मला त्याचं वाईट वाटतं, आणि माझं असं आहे की वाईट वाटलं की राग येतो. त्याच्यावर, डॉक्टरवर, वाटेतल्या कुत्र्यावर.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. उमरोळीचं स्थळ, माणसं साधी. मुलीने एकच हट्ट धरला. लहानपणी तिच्या प्रत्येक वाढदिवसाला माझा दोस्त, तिचा काका, येऊन बेंजोवर पाचव्या गाण्याची सुरुवात वाजवायचा आणि सांगायचा, तू मांडवात येशील ना, तेव्हा हेच वाजवीन. ते तिला हवं होतं. डीजे नको, दुसरा बेंजोवाला नको, काकाच.

तो आला तेव्हा तिने कागदावर लिहून त्याला दाखवलं. त्याने वाचलं, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. म्हणाला, "पोरी, मला माझाच बेंजो ऐकू येत नाय. मी कुठं वाजवतोय, लोकां काय करतायत, काय कळणार नाय. हसतील." मी ओरडलो, "हसेल त्याला मी बघतो." त्याला ते ऐकू गेलं नाही, माझा तांबडा चेहरा तेवढा दिसला. चहा अर्धा टाकून तो निघून गेला आणि पुढे तीन आठवडे फिरकला नाही. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मुलीने दुसरा बेंजोवाला शोधू दिला नाही. तेच मला जास्त लागलं.

त्याच सुमारास बँडने जाहीर केलं की आता बस. शेवटचा कार्यक्रम, मग घरी. त्यांच्याकडे संध्याकाळ, म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ. मुलीने टीव्हीवर सोय केली, बाजूला मोठा स्पीकर लावला. मी कुंभवलीला निरोप पाठवला की येणार नसशील तर माझ्या मयतालाही येऊ नको. तो आला. सायकल पेरूच्या झाडाला टेकवली, आणि लोखंडी खाटेच्या पायथ्याशी पाहुण्यासारखा बसला.

ते पाच जण स्टेजवर आले. म्हातारे झाले होते. गाणारा दोन गाण्यांनंतर उंच स्टुलावर बसला. गिटारवाल्याचे केस पांढरे, पण अजून लांब, ते त्याने सोडले नाहीत याचा मला आनंद झाला. गाणी आणखी खाली उतरवलेली, आणखी सावकाश. पण सगळे हजर होते, आणि कोणी टंगळमंगळ करत नव्हतं. मला ते आवडले. मला ते फार आवडले.

दोस्त मात्र नुसता चित्र बघत होता. मी त्याच्या कानाशी ओरडत होतो, ते चुकवत होता. मी कागदावर लिहीत होतो, "हे तिसरं गाणं, दुसऱ्या बाजूचं," तो वाचून मान हलवायचा, तोवर गाणं पुढे गेलेलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "लिऊ नको रे." तेवढ्यात पाचव्या गाण्याची सुरुवात झाली. पेन कुठे गेलं सापडेना. माझा संताप संताप झाला, आणि त्या संतापात माझा हात आपोआप वर गेला. तळवा वर, पाच बोटं.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग खाटेच्या लोखंडी दांड्यावर त्याची बोटं वाजायला लागली. मी दांड्यावर हात ठेवला. तो होता तिथेच होता, आमच्या शेडमध्ये, आमच्या वेगाने. टीव्हीवरचे म्हातारे मागे पडत गेले. गिटारीची चढण आली, तो श्वास आला, त्याची बोटं थांबली आणि त्याने हवेत हात पलटला. मी दुसरी बाजू सुरू केली. स्पीकरमधून अजून ते गाणं चाललंच होतं. त्याने टीव्हीकडे पाहिलं आणि विचारलं, "ये कवा संपवणार?"

मला स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं मी या माणसाच्या कानात ओरडत होतो, चिठ्ठ्या लिहीत होतो, आणि आम्ही दोघं उभ्या आयुष्यात एकमेकांशी सगळ्यात जास्त बोललो ते जिथे काहीच ऐकू येत नव्हतं तिथे. त्याला नवीन काही शिकायचं नव्हतं. विसरलो होतो मी. मुलगी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. मी त्याला हातांनीच सांगितलं: तू वाजव, सुरू कधी करायचं आणि बाजू कधी पलटायची ते मी दाखवीन. तो खाटेवर सरकून माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "तू समोर उभा ऱ्हायचा. हलायचा नाय." मी हातानेच सांगितलं, हलणार नाही.

लग्न आमच्याच वाडीत होतं, दुपारच्या मुहूर्ताला. सकाळी त्याच्या पुतण्याने मोबाइलवर बघून बेंजोच्या तारा जुळवल्या. दोस्ताने अंगठ्याने तार दाबली, म्हणाला, "ढिली हाय," आणि बोटाला पटेपर्यंत सगळ्या तारा पिळल्या. पार्टीतल्या कीबोर्डवाल्याने कपाळाला हात लावला आणि मागची कळ फिरवली. कॅसेटचा सूर आला. मी डोळे मिटून ऐकलं, तसूभर फरक नव्हता.

मुलगी घराच्या पायरीवर आली, मामाने तिचा हात धरलेला. मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, दोस्ताच्या बरोबर समोर. हात वर केला, पाच बोटं. त्याने सुरू केलं. ढोल-ताशेवाले त्याच्या हाताकडे बघून धरत होते. उमरोळीची मंडळी आधी चमकली, मग त्यांच्यातली पोरं नाचायला लागली. आणि तेवढ्यात भटजींनी अक्षतांचं भरलेलं ताट माझ्या दोन्ही हातांत दिलं. मी घेतलं. मुलीच्या लग्नात भटजी जे देतील ते माणूस घेतो.

चढण आली. श्वास आला. त्याचा हात थांबला. त्याच्याबरोबर पार्टी थांबली.

मांडव एकदम गप्प झाला. वराकडचा एक जण "वायर निघाली वाटतं" म्हणत बटण बघायला धावला. कोणीतरी हसलं. दोस्ताला हसू ऐकू आलं नाही, उघडी तोंडं दिसली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वचन पाळून तिथेच उभा होतो, हलत नव्हतो, आणि माझे हात ताटात अडकले होते. ताट ठेवायला जागा नव्हती. तो माझ्या हातांकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. जे होऊ नये म्हणून तो नको म्हणाला होता, तेच मी त्याच्यावर आणलं होतं. ताट फेकून द्यावं असं मनात आलं.

तेव्हा पायरीवरून मुलीने मामाचा हात सोडला. मेंदीचा तळवा वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि हात पलटला. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत खाली गेल्या.

दोस्ताने ते पाहिलं. तो हसला, आणि त्याने दुसरी बाजू लावली.

ती चालत आली, तिच्या चालीने, त्याच्या वेगाने. कोणी हसत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं, पुसायला हात मोकळे नव्हते. माझ्या हातातल्या अक्षता थोड्या थोड्या उडत होत्या. खाली बघितलं तर शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या बायकोची बोटं ताटाच्या कडेवर वाजत होती. ठेका चुकत होता. मी ताट तिच्या बाजूला सरकवलं.